नव्या पिकअपच्या इंजिनाला हात कुठवर पोचतो : सर्व्हिसिंगच्या वहीच्या प्रकल्प नोंदी

३ जून २०२४, नारायणगाव

आमच्या शेतकरी गटाने या हंगामासाठी दोन नव्या डिझेल पिकअप घेतल्या, जुन्या दोन्ही विकल्या. गटाच्या गाड्या, मोटारी आणि फवारणीचे ब्लोअर यांची देखभाल माझ्याकडे असते, म्हणून हे काम मी मागून घेतलं: नव्या इंजिनाची सर्व्हिसिंग मराठीत, ड्रायव्हरला वाचता येईल अशी लिहून काढायची. कंपनीची पुस्तिका गाडीसोबत आली आहे. पण ती इंग्रजीत आहे, आणि जिथे खरी गरज पडते तिथे ‘अधिकृत वर्कशॉपशी संपर्क साधा’ एवढंच लिहिलंय.

टोमॅटोचा हंगाम ऐन भरात आला की गाडी एक दिवसही उभी ठेवता येत नाही. क्रेटमागे साधारण वीस किलो माल, संध्याकाळी भरायचा आणि पहाटेच्या आत वाशीच्या बाजारात उतरवायचा. गाडी थांबली म्हणून टोमॅटो पिकायचा थांबत नाही. आणि अधिकृत वर्कशॉपला गाडी न्यायची म्हणजे जाऊन-येऊन सगळा दिवस मोडतो.

वहीत प्रत्येक कामापुढे हे लिहायचं ठरवलंय: वस्तू कुठे आहे, हात कुठून घालायचा, कोणता पाना लागतो आणि काम कोणी करायचं. ड्रायव्हरने, गावातल्या मिस्त्रीने की वर्कशॉपने? हा शेवटचा रकाना माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा आहे. वॉरंटी चालू आहे तोवर ठरलेल्या सर्व्हिसेस वर्कशॉपमध्येच होतील आणि शिक्काही तिथलाच लागेल. त्याबद्दल गटात दुमत नाही. पण दोन सर्व्हिसच्या मधे हजारो किलोमीटर असतात, ते सगळे ड्रायव्हरच्या भरवशावर असतात.

६ जून

आज पाना हातात न घेता फक्त बोनेट उघडून पाहिलं.

जुन्या गाडीचं बोनेट उघडलं की इंजिनाच्या दोन्ही अंगांनी खालची जमीन दिसायची. खाली पडलेला नट जमिनीवरच सापडायचा. नव्या गाडीत जमीन दिसतच नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे गाडीच्या धुराचं सरकारी मानक लागू झालं, बीएस-४ वरून मधली पायरी वगळून एकदम उडी घेतली, आणि त्या उडीचं सगळं सामान इंजिनाभोवतीच बसवावं लागलं. ईजीआरचा, म्हणजे थोडा धूर परत इंजिनात फिरवणाऱ्या सोयीचा, कूलर, इंटरकूलरच्या जाड नळ्या, ठिकठिकाणी सेन्सर आणि त्यांच्या वायरींचे जुडगे. टर्बोला (हवा दाबून इंजिनात भरणाऱ्या पंख्याला) खेटूनच डीपीएफचा, म्हणजे धुरातली काजळी गाळणाऱ्या फिल्टरचा, डबा आहे. त्याला आतली काजळी जाळायला उष्णता लागते, म्हणून तो इंजिनाजवळच हवा, हे खरं. पण त्यामुळे एग्झॉस्टची सगळी बाजू पत्र्याच्या ढालीमागे गेली.

असं असूनही ज्याने हे इंजिन आखलं त्याने रोजच्या कामाचा विचार मनापासून केलेला दिसतो. ऑइलची पट्टी, ऑइल भरायचं झाकण, कूलंटची बाटली, ब्रेक ऑइलची वाटी, काच धुण्याच्या पाण्याचं तोंड, सगळं एकाच बाजूला आणि बोनेटच्या कडेपासून हातभर अंतरात. पट्टीची कडी पिवळी, अंधारातही दिसते. एअर फिल्टरच्या डब्याला स्क्रू नाहीत, चापाच्या क्लिपा आहेत. होजपाइपच्या स्प्रिंग क्लिपांची कान पकडायची बाजू वर केलेली आहे, पकड सरळ बसते. ही क्लिप उलटी बसवली असती तर कारखान्यात कोणालाच काही फरक पडला नसता. रस्त्यावर मात्र अर्धा तास गेला असता.

ड्रायव्हरने ज्याला हात लावायचा त्या जागांवर हिरवा ठिपका दिला. गरम असताना किंवा इंजिन चालू असताना हात लावायचा नाही तिथे लाल. रंग साधा ऑइलपेंटच.

१३ जून

पहिल्या गाडीचं ऑइल बदललं, वर्कशॉपमध्ये. तिथल्या सुपरवायझरांना वहीचं सांगितलं, त्यांनी पिटमध्ये मिस्त्रीशेजारी उभं राहू दिलं. मिस्त्री पंचविशीतला, हात साफ. मी विचारत होतो, तो काम न थांबवता सांगत होता.

त्याने आधी खालचा ड्रेन नट सोडला नाही, वरचं ऑइल फिल्टरचं झाकण सत्तावीसच्या सॉकेटने थोडं सैल केलं. “दादा, हे आधी. मग फिल्टरच्या घरातलं ऑइल आपोआप खाली चेंबरमध्ये, ऑइलच्या टाकीत, उतरतं. नट आधी खोलला तर फिल्टर काढताना वर सगळं सांडतं.” झाकण सैल होताच आत बारीक गुळगुळ आवाज झाला, आणि पाच मिनिटांनी फिल्टर उचलला तेव्हा त्याच्या बुडाला चार थेंबसुद्धा नव्हते. आमच्या जुन्या गाडीचा फिल्टर चेसीच्या पट्टीआड आडवा बसवलेला होता. तो सोडताना कोपरापर्यंत ऑइल यायचं आणि उरलेलं पुढच्या धुऱ्यावर गळायचं. फिरला नाही तर त्याच्या पत्र्यात स्क्रूड्रायव्हर ठोकून फिरवायचा, हीच रीत होती. नव्यात पत्र्याचा डबाच नाही. आत कागदी फिल्टर, वर झाकण, झाकणाला एक रबरी रिंग.

ती रिंग प्रत्येक वेळी नवी घालायची, ऑइलचं बोट लावून. झाकण प्लास्टिकचं आहे आणि त्याच्यावरच किती आवळायचं ते उठवलेलं आहे, २५ न्यूटन-मीटर. मिस्त्रीने टॉर्क पाना (ठरलेल्या जोराला खट्ट वाजणारा) लावला, खट्ट आवाज आला की सोडला. आपल्याकडे हातात जोर असेल तेवढा लावतात. या झाकणाला तो जोर चालत नाही, तडा जातो. ड्रेन नटाखालचा तांब्याचा वॉशरही नवाच. जुना पुन्हा लावला की महिनाभरात खाली डाग पडायला लागतो, आणि मग लोक नट आणखी आवळून चेंबरचे आटे घालवतात.

वहीत हे काम ‘मिस्त्री’ रकान्यात टाकलं. वॉरंटी संपल्यावर गावात होऊ शकतं. लागणारी हत्यारं: सत्तावीसचा सॉकेट, लांब एक्स्टेंशन, टॉर्क पाना. टॉर्क पाना गटाने विकत घ्यावा असं आज मीटिंगमध्ये मांडलं, मंजूर झालं.

१५ जून

ऑइलच्या डब्यावरून गावातल्या जुन्या मिस्त्रींशी, म्हणजे अण्णांशी, बराच वेळ बोलणं झालं. अण्णांनी तालुक्यातली निम्मी इंजिनं उघडलेली आहेत, त्यांचं म्हणणं टाकून चालत नाही. ते म्हणाले, “ग्रेड सारखी असली की झालं. ऑइल ते ऑइल.” त्यांच्या दुकानातला डबा आणि वर्कशॉपमधून आणलेला डबा शेजारी ठेवले. दोन्हींवर पुढे तीच ग्रेड, म्हणजे ऑइलचा जाड-पातळपणा, ५डब्ल्यू-३०. मग दोन्ही डबे फिरवून मागची बारीक अक्षरं वाचली. वर्कशॉपच्या डब्यावर एसीईए सी३ (युरोपातल्या गाडी कंपन्यांचं ऑइलचं मानक) लिहिलेलं, दुसऱ्यावर ते नाही.

फरक राखेचा आहे. कोणतंही इंजिन थोडं ऑइल जाळतंच. ऑइलमध्ये इंजिन स्वच्छ ठेवण्यासाठी जी द्रव्यं घालतात त्यांत धातूचे क्षार असतात, ते जळून राख उरते. डीपीएफमध्ये अडकलेली काजळी जळून जाते, राख जळत नाही. ती तिथेच साठते आणि डबा हळूहळू बुजत जातो. कमी राखेचं ऑइल यासाठीच हवं. बाकी इंजिनाला दुसरं ऑइल आज चालेलही, त्याचे पैसे दोन-तीन वर्षांनी डीपीएफच्या रूपात भरावे लागतील, आणि तो डबा फार महाग आहे.

अण्णांनी डबा परत एकदा वाचला आणि म्हणाले, “मग वहीत नुसती ग्रेड लिहू नको, मागची अक्षरं पण लिही.” तसंच केलं. अक्षरं मोठी काढून पहिल्याच पानावर चिकटवली.

२५ जून

डिझेल फिल्टर. पाऊस सुरू झाला, आता डिझेलमध्ये पाणी सापडण्याचे दिवस.

नव्या गाडीत फिल्टर फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला, उभा बसवलाय, वरून दिसतो, बुडाला पाणी काढायचा नट आणि पाण्याचा सेन्सर. डॅशवर पिवळा दिवा लागतो. ड्रायव्हरच्या हातातलं हे सगळ्यात मोलाचं काम आहे, कारण कॉमन रेलच्या (सगळ्या इंजेक्टरांना एकाच नळीतून मोठ्या दाबाने डिझेल देणाऱ्या रचनेच्या) पंपाला वंगण डिझेलचंच असतं. पाणी आत गेलं की पंप आतून घासतो, आणि त्याचा कीस इंजेक्टरपर्यंत जातो. जुन्या पंपाने थोडं पाणी सोसलं असतं. याचा प्रेशर सोळाशे बारच्या पुढचा, फटी केसाहूनही बारीक, तिथे पाण्याला क्षमा नाही.

करून पाहिलं. इंजिन बंद, नटाच्या तोंडाला लावलेली नळी काचेच्या बाटलीत सोडली, नट हाताने दोन फेरे सैल केला. पाण्याचा तळ आणि वर डिझेल, मधली रेघ काचेतून स्वच्छ दिसते. नुसतं डिझेल यायला लागलं की बंद. मग किल्ली ‘ऑन’ला फिरवून थांबायचं, टाकीतल्या पंपाचा घूंऽऽ आवाज संपू द्यायचा. असं दोन-तीनदा केलं की नळ्यांत शिरलेली एअर आपोआप निघते. पूर्वी हातपंप मारून अंगठा दुखायचा.

याच पानावर लाल चौकटीत एक गोष्ट लिहिली, ती सगळ्या ड्रायव्हरांना तोंडपाठ हवी. जुन्या इंजिनाने एअर धरली की आपण इंजेक्टरच्या पाइपचा नट सैल करून स्टार्टर मारायचो, फसफस करत एअर निघायची. या इंजिनाला तसं कधीही करायचं नाही. इतक्या दाबाची डिझेलची धार डोळ्याला दिसत नाही, कातडीतून आत शिरते. वरून सुईएवढी जखम दिसते आणि आत मांस सडतं, बोट कापावं लागू शकतं. असं झालंच तर दुखो न दुखो, सरळ मोठ्या दवाखान्यात, आणि डॉक्टरांना सांगायचं की दाबाचं डिझेल आत गेलंय. चाळीस वर्षं सवय असलेल्या हातांना हे सांगणं अवघड आहे. अण्णांनी स्वतः ते पान आपल्या दुकानात लावायला मागून नेलं.

४ जुलै

आमच्या यार्डात, म्हणजे माल गोळा करायच्या आवारात, फिरणाऱ्या गाडीचा डीपीएफचा दिवा लागला. वाशीला जाणाऱ्या गाडीचा अजून एकदाही लागलेला नाही. इंजिन तेच, ऑइल तेच, डिझेल भरायचा पंपही एकच. फरक रस्त्याचा.

एक गाडी दिवसभर खोडद, मांजरवाडी, वारूळवाडीच्या मळ्यांतून माल गोळा करून यार्डात आणते. दहा मिनिटं चालते, वीस मिनिटं उभी. सायलेन्सर कधी पुरता तापतच नाही. दुसरी रात्री आळेफाट्यावरून माळशेज उतरते. भरलेली गाडी घाट उतरताना डिझेल जवळजवळ जळतच नाही, तेव्हाही सायलेन्सर थंडच पडतो. पण पुढे मुरबाडपासून कल्याणपर्यंत सलग पळते, आणि येताना रिकामी का होईना घाट चढते. काजळी जाळायला आत सहाशे अंशांच्या आसपास तापमान लागतं, ते तिथे मिळतं.

गाडी काजळी स्वतः जाळते तेव्हा ड्रायव्हरला ओळखता आलं पाहिजे. आयडलिंग थोडं वर जातं, पंखा जोरात फिरतो, मागून गरम पत्र्यासारखा वास येतो. अशा वेळी गाडी बंद करायची नाही, पुढे चालत राहायचं. आणि वाळलेल्या पाचटावर, कडब्यावर गाडी उभी करायची नाही, खाली आग लागू शकते. आमच्याकडे यार्डात जुन्या क्रेटांखालचं गवत पसरलेलं असतं, ती जागा आजच झाडून घेतली.

यातून एक तपासणी वहीत वाढली. काजळी जाळण्यासाठी इंजिन सिलेंडरमध्ये उशिरा थोडं जादा डिझेल सोडतं. ते काम अर्धवट राहून गाडी पुन्हा पुन्हा बंद होत गेली, तर त्यातलं काही डिझेल भिंतीवरून खाली चेंबरमध्ये उतरतं. म्हणजे ऑइल कमी व्हायच्या ऐवजी वाढतं. यार्डच्या गाडीची पट्टी काढली, ऑइल वरच्या खुणेच्या किंचित वर होतं आणि बोटांत घेतलं तर पातळ, डिझेलचा वास येणारं. आजवर आपण ऑइल कमी झालंय का एवढंच पाहत आलो. आता वाढलेलं दिसलं तरी फोन करायचा.

उपाय साधा निघाला. दर आठवड्याला गाड्यांची अदलाबदल. दोघा ड्रायव्हरांना आपली-आपली गाडी सोडवत नव्हती, सीट, आरसा, देवाचा फोटो, सगळं लावलेलं. समजावून सांगितल्यावर तयार झाले.

डीपीएफ काढून सरळ पाइप टाकून देतो म्हणणारे भेटतात. ते कायद्यात बसत नाही. आणि आमच्या यार्डात पहाटे तीनला बायामाणसं गाडीच्या मागे उभी राहून क्रेट उतरवतात, त्यांच्या नाकातोंडात पूर्वी काय जायचं ते मी पाहिलेलं आहे. त्यामुळे तो विषय वहीत येणारच नाही.

१७ जुलै

पाऊस मोठा, माळशेज धुक्यात. गाडी ओतूर-जुन्नरच्या मालावर. वाचायला वेळ मिळाला.

सर्व्हिसिंगची सोय कागदावर आखणी होतानाच कशी ठरते, याचं सगळ्यात ठळक उदाहरण अमेरिकेतल्या मोठ्या पिकअपचं आहे. फोर्डच्या सुपर ड्यूटीत २००३ ते २००७ या मॉडेलांत ६.० लिटरचं व्ही-८ डिझेल होतं, नाविस्टारने बनवलेलं. इंजिनाचं मागचं तोंड केबिनच्या खाली शिरलेलं. हेड गॅसकेटसारखं मोठं काम निघालं की तिथले बरेच मिस्त्री केबिनचे बोल्ट सोडून अख्खी केबिन लिफ्टवर उचलत, मग खाली इंजिन मोकळं मिळे. फोर्डने २०११ च्या मॉडेलला स्वतःचं ६.७ लिटरचं इंजिन आणलं आणि मांडणीच उलटी केली. एरवी व्ही इंजिनात एग्झॉस्ट बाहेरच्या बाजूंना आणि हवा आत घेणं मधल्या खाचेत असतं. यात एग्झॉस्ट मधल्या खाचेत आणला आणि हवेच्या नळ्या बाहेर नेल्या. टर्बो त्याच खाचेत, स्वतःच्या बैठकीवर. तापलेला भाग मधे गोळा झाला, आणि टर्बो काढायला केबिन उचलावी लागत नाही. प्रत्येक सिलेंडरभोवती हेडचे बोल्टही चाराचे सहा झाले.

आपल्याकडचं उदाहरण घ्यायचं तर २००५ ची टाटा एस. ७०२ सीसीचं दोन सिलेंडरचं इंजिन ड्रायव्हरच्या सीटखाली. सीट उचलली की इंजिन समोर. छोटं इंजिन, मोकळी जागा, म्हणून पत्र्याच्या टपरीतला मिस्त्रीही ते बिनधास्त उघडायचा. गावोगाव ती गाडी पसरली त्यात या गोष्टीचा वाटा मोठा होता असं मला वाटतं.

आपण गाडी घेताना ॲव्हरेज विचारतो, पासिंग विचारतो, हौद्याची लांबी मोजतो. स्टार्टर काढायला काय-काय सोडावं लागतं हे शोरूममध्ये कोणी विचारलेलं मी ऐकलं नाही. पुढच्या खरेदीच्या वेळी गटाने विचारावं म्हणून वहीच्या शेवटी एक पान राखून ठेवलं.

३० जुलै

ज्या जागी हात पोचत नाही त्यांची यादी करायचा दिवस. पद्धत अशी ठेवली: इंजिन थंड, बॅटरीचा निगेटिव्ह काढलेला, काहीही खोलायचं नाही. प्रत्येक बोल्टवर पाना बसतो का आणि बसला तर किती फिरतो, एवढंच बघायचं.

अल्टरनेटर बरा आहे. खालून सोडता येतो, बेल्टचा टेन्शनर आपोआप ताण धरणारा असल्यामुळे पान्याने वळवला की बेल्ट हातात येतो. बेल्ट कसा ओवलाय त्याचं चित्र बोनेटच्या आत चिकटवलेलं आहे, ही फार चांगली गोष्ट.

स्टार्टर मात्र जीव काढतो. तो हवेच्या मॅनिफोल्डखाली दडलाय. खालचा बोल्ट सहज लागतो. वरच्या बोल्टपर्यंत आधी कोपर दुमडून मनगट वायरींच्या जुडग्याखालून सरकवावं लागतं, मग पाना नजरेने नाही तर बोटांनी चाचपून बसवायचा. बसला की रॅचेट एका दाताएवढीच फिरते, मागे पाइपला अडते. पुन्हा मागे घ्या, पुन्हा एक दात. बाराचा लहान रॅचेट पाना घेतला तर दोन दात मिळतात. टॉर्चचा उजेड तिथे पोचत नाही, आरसा धरूनही बोल्टचं डोकं अर्धंच दिसतं. ज्या बोल्टला हंगामात कधीतरी हात घालावाच लागणार, त्याच्यासाठी मॅनिफोल्डचा एक पाइप दोन बोटं वर घेतला असता तर काय बिघडलं असतं?

शेवटच्या सिलेंडरचा ग्लो प्लगही (थंड इंजिन सुरू करायला तापणारी कांडी) तसाच, फायरवॉलला टेकलेला. पुढच्या दिव्याचा बल्ब बदलायला एका बाजूला बॅटरी हलवावी लागते. रात्रीच्या धंद्याच्या गाडीत हे बरोबर नाही.

कंपनीच्या सर्व्हिस विभागाला पत्र लिहिलं. तक्रारीचा सूर ठेवला नाही. कोणता बोल्ट, पाना किती फिरतो, कुठे अडतो, मोजमापासकट आणि फोटो जोडून. अशी मोजमापं आखणी करणाऱ्या माणसाच्या टेबलावर पोचली तर पुढच्या इंजिनात उपयोग होईल, म्हणून लिहायचं.

१२ ऑगस्ट

स्कॅनर. यावर दोन टोकाची मतं ऐकायला मिळतात: कोणी म्हणतं नवी गाडी आता कॉम्प्युटरशिवाय उघडतच नाही, कोणी म्हणतं हे सगळं पैसे उकळायचं काम. आज वर्कशॉपमध्ये बसून नीट वेगळं केलं.

स्टिअरिंगखाली ओबीडीचं, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला बाहेरून जोडायचं, सॉकेट आहे. साधा, बाजारात मिळणारा रीडर लावला तरी कोड वाचता येतात. पी-००८७ म्हणजे रेलमध्ये डिझेलचा दाब कमी, आधी फिल्टर बघा. पी-०४०१ म्हणजे ईजीआरमधून पुरेसा वायू जात नाही. पी-२४६३ म्हणजे डीपीएफमध्ये काजळी फार साठली. एवढं कळलं तरी गाडी चालवत न्यायची की टो करून, हा निर्णय करता येतो. म्हणून रीडर गावात असायलाच हवा.

कोड पुसून टाकणं मात्र दुरुस्ती नव्हे. वहीत अधोरेखित केलं.

इंजेक्टर बदलायचा झाला तर गावात बदलू नये. प्रत्येक इंजेक्टरच्या डोक्यावर त्याचा स्वतःचा कोड कोरलेला असतो, कारखान्यात तपासताना तो किती डिझेल सोडतो त्याची नोंद. तो कोड गाडीच्या कॉम्प्युटरला द्यावा लागतो, नाहीतर इंजिन थडथडतं आणि धूर वाढतो. दाबाचे पाइपही पुस्तिकेप्रमाणे नवेच लावायचे. उभ्या-उभ्या काजळी जाळून घेणं, टर्बो हलवणाऱ्या ॲक्च्युएटरला त्याची हद्द शिकवणं, हेही कंपनीच्या स्कॅनरचंच काम. ही सगळी कामं ‘वर्कशॉप’ रकान्यात.

माझं मत असं झालंय की हे इंजिन वरच्या थराला जुन्या इंजिनापेक्षा सोपं आहे आणि खालच्या थराला त्याहून बंद. टॅपेट सेटिंग, म्हणजे वाल्वची फट लावणं, नाही, ती हायड्रॉलिकने आपोआप राहते. पंपाचं टायमिंग लावायचं नाही. ग्रीसिंग कमी. पण एकदा आत शिरायची वेळ आली की गावच्या मिस्त्रीला दार बंद. अण्णांसारख्या माणसाची विद्या त्या दारापाशी थांबते याचं मला वाईट वाटतं. कंपन्यांनी तालुक्याच्या ठिकाणी मिस्त्रींना स्कॅनरसकट शिकवलं पाहिजे, आणि आयटीआयमध्येही हीच इंजिनं फाडून ठेवली पाहिजेत.

२४ ऑगस्ट

दोघे ड्रायव्हर आणि त्यांचे बदली, चौघांना यार्डात बसवून वही वाचून दाखवली. खरं तर त्यांनीच ती दुरुस्त केली.

ड्रायव्हरांतले वयाने मोठे मामा म्हणाले, “‘पातळी तपासा’ लिहू नका. सकाळी, गाडी सपाट जागेवर, चालू करायच्या आधी, पट्टी पुसून पुन्हा घालून बघा, असं लिहा.” बरोबर आहे. नुसतं ‘तपासा’ लिहिलं की लोक गरम गाडी उतारावर उभी करून पट्टी काढतात. धाकट्याने सुचवलं की दिव्यांची चित्रं रंगात हवीत, कारण लाल आणि पिवळ्यातच सगळं येतं: लाल लागला तर गाडी बाजूला आणि बंद, पिवळा लागला तर सोयीची जागा बघून थांबायचं आणि वहीचं पान उघडायचं. कूलंटमध्ये नळाचं पाणी घालायचं नाही याचं कारण त्यांनी विचारलं. क्षार बसतात आणि हेडच्या ॲल्युमिनियमला गंज धरतो, हे सांगितल्यावर तेही पानात गेलं.

घाट चढून आल्यावर गाडी लगेच बंद करू नये हे चौघांनाही ठाऊक होतं. टर्बोवाल्या जुन्या गाडीवरच शिकलेत. त्यावर वेळ घालवला नाही.

जळकं ऑइल कुंपणाच्या खांबांना फासायची आणि बांधावर ओतायची पद्धत बंद करायची ठरली. अण्णांच्या दुकानामागे एक झाकणाचं पिंप ठेवलं, जळकं ऑइल घेणारा परवानाधारक येऊन नेईल.

११ सप्टेंबर

रात्री दोन वाजता मामांचा फोन. गाडी भरलेली, घाट उतरून टोकावड्याच्या पुढे आलेली, पिवळा दिवा लागला, गाडी ओढेना. पूर्वीचा फोन असा असायचा: “गाडी बंद पडली, या.” आजचा फोन असा होता: “फिल्टरच्या पाण्याचा दिवा आहे, पान सातवर आलोय, बाटली लावली आहे, काढू का?”

काढा म्हटलं. बाटलीत तीन बोटं पाणी आलं. किल्ली तीनदा ‘ऑन’ केली, थांबले, स्टार्टर मारला. पहिल्यांदा नाही, दुसऱ्यांदा लागली. मी फोन कानाला लावूनच बसलो होतो. आयडलिंग स्थिर झाल्याचं ऐकू आलं तेव्हा मामा म्हणाले, “ठेवू का? पाच वाजायच्या आत पोचायचंय.”

माल वेळेत उतरला. दुपारी गाडी आली तेव्हा टाकीचं झाकण बघितलं, रबर चिरलेलं. पावसाचं पाणी तिथूनच जात होतं. नवं झाकण बसवलं, दुसऱ्या गाडीचंही बदललं, आणि तपासणीच्या पानात झाकणाचं रबर वाढवलं. मामांनी ती बाटली फेकली नाही, चौघांना दाखवायला गाडीतच ठेवली आहे.

२८ सप्टेंबर

वहीची प्रत पक्की केली. छत्तीस पानं, प्लास्टिकच्या कव्हरात, प्रत्येक गाडीत एक, अण्णांकडे एक, यार्डाच्या कपाटात एक. गाडीच्या डब्यात वहीसोबत काचेची बाटली, नळी, टॉर्च आणि बाराचा लहान रॅचेट पाना.

सुट्या सामानाचा साठाही ठरवला: डिझेल फिल्टर दोन, एअर फिल्टर एक, बेल्ट एक, हेडलाइटचे बल्ब चार, तांब्याचे वॉशर आणि फिल्टरच्या रिंगा मूठभर, कमी राखेचं ऑइल एक लिटरचे दोन डबे. अदलाबदल सुरू झाल्यापासून यार्डच्या गाडीचा डीपीएफचा दिवा पुन्हा लागलेला नाही, आणि ऑइल बदलल्यापासून पट्टीवरची खूण जागेवर आहे. ती नोंद दर सोमवारी चालू ठेवायची.

कंपनीकडून पत्राला पोच आली आहे, उत्तर अजून नाही. क्लच आणि गिअरबॉक्सची पानं बाकी आहेत. दिवाळीनंतर हंगाम ओसरला की गाडी एक दिवस मोकळी मिळेल, तेव्हा क्लचप्लेटपर्यंत पोचायला काय-काय सोडावं लागतं ते बघून लिहायचं.